विश्लेषण : पक्षाघातानंतर तेल, काढे, सुया… किती उपयोगी, किती धोक्याचे?

तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, बोलणे अडखळते. रुग्णाला रुग्णालयात न्यायचे की ‘लकव्याचे औषध’ मिळते त्या गावी, यावर आजही अनेक घरांत चर्चा होते. रुग्ण बरा होऊन घरी आला तरी तेल, काढे, ॲक्युपंक्चरचे सल्ले सुरूच राहतात. या उपचारांबाबत पुरावा काय सांगतो?

पहिले काही तास निर्णायक का?

मेंदूचा रक्तपुरवठा अचानक खंडित होणे म्हणजे पक्षाघात. बहुतेक रुग्णांत रक्तवाहिनीत गुठळी अडकते, काहींत रक्तवाहिनी फुटते. लक्षणे सारखीच असतात. फरक स्कॅनमध्ये कळतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांत द्यावे लागते. मोठी गुठळी नळीद्वारे काढण्याची मुदत निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत असते. हा वेळ कबुतराचे रक्त चोळण्यात गेला, तर परत मिळत नाही. शिवाय गिळणे बिघडलेले असताना काढा किंवा तूप पाजल्यास ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

रुग्ण इतर उपचारांकडे का वळतात?

रुग्णालयातील उपचार काही दिवसांत संपतात, पण हात-पाय हलायला महिने लागतात. या काळात नियमित फिजिओथेरपी हवी असते. ती गावात मिळत नाही किंवा परवडत नाही. मग तेलाचा मसाज करणारा, घरी येणारा माणूस जवळचा वाटतो. राजस्थानातील नागौर जिल्ह्यातल्या बुटाटी धामात लकव्याचे रुग्ण सात दिवस राहून परिक्रमा करतात, त्यामागेही हीच आशा असते. पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःही बराच सावरतो. त्याच काळात घेतलेल्या औषधाला मग त्याचे श्रेय मिळते.

चाचण्यांत काय आढळले?

चिनी औषधपद्धतीवर आधारित ‘न्यूरोएड’ची आशियात सुमारे ११०० रुग्णांवर चाचणी झाली. २०१३ मध्ये आलेल्या निकालात तीन महिन्यांनंतर ठोस फरक दिसला नाही. मेंदूतील रक्तस्रावावरील आणखी एका पारंपरिक चिनी औषधाची १,६४८ रुग्णांवर चाचणी झाली. ‘लॅन्सेट’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांतही फायदा आढळला नाही. ॲक्युपंक्चरबाबत ‘कॉक्रेन’च्या २०१६ च्या आढाव्यात काही सुधारणेचे संकेत होते, मात्र अभ्यासांचा दर्जा कमी असल्याने ठाम निष्कर्ष निघाला नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे सुरक्षित का?

नेहमीच नाही. गुठळीमुळे पक्षाघात झालेल्या बहुतेकांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात. त्यासोबत लसूण किंवा गिंकोचे अर्क घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ज्येष्ठमध जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि उच्च रक्तदाब हेच पक्षाघाताचे प्रमुख कारण आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीत १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते (२००४). बधिर हातावर गरम तेल किंवा शेक दिल्यास भाजल्याचेही कळत नाही. सर्वांत मोठा धोका मात्र ‘आता हे औषध सुरू आहे’ म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करण्याचा.

कायदा काय सांगतो?

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या अनुसूचीत पक्षाघाताचा समावेश आहे. त्यामुळे ‘लकवा हमखास बरा’ अशी औषधाची जाहिरात करता येत नाही.

मग कुटुंबाने काय करावे?

लक्षणे दिसताच वेळ लिहून ठेवावी, १०८ वर फोन करावा आणि स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तोंडाने काहीही देऊ नये. घरी आल्यानंतर हलका मसाज, योगासने किंवा वैद्यांचे औषध घ्यायचे असेल, तर डॉक्टरांना सांगूनच. अनेक रुग्ण ओरडा बसेल म्हणून हे लपवतात. म्हणून ‘आणखी काय घेता?’ हे डॉक्टरांनीही न रागावता विचारायला हवे. गोळ्या आणि व्यायाम सुरू ठेवून केलेला पूरक उपचार ही एक गोष्ट. त्यांच्या जागी केलेला उपचार पुढच्या झटक्याला वाट करून देतो.