उतरणं म्हणजे सोडणं नाही



मृग तोंडावर आला की आमच्या पाड्यावर दोन गोष्टी येतात. एक काजवे, आन् दुसरी नोटीस. नोटिशीत दरवर्षी तेच. तुमची वस्ती डोंगरउतारावर आहे, अतिवृष्टीत धोका आहे, सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे, न केल्यास होणाऱ्या नुकसानीस आपण जबाबदार राहाल. खाली सही, नाहीतर अंगठा. कागद आणणारा माणूस तांब्याभर पाणी पितो आणि पाऊस यायच्या आत उतरून जातो. सुरक्षित ठिकाण म्हंजे कुठलं, ते कागदात नसतं. विचारलं तर सांगतो, ते माझ्याकडे नाही, वर विचारा.

याला आम्ही तयारी म्हणत नाही. ही उद्याच्या चौकशीची तयारी आहे. माणसं गेली तर दाखवायला एक कागद, एवढीच.

पण आज फक्त कचेरीवर लिहून आमचं भागणार नाही. आमचंही एक सांगायचंय. मागच्या पावसात पाड्याच्या वरच्या अंगाला, वरईच्या माळाच्या कडेला, भेग पडली. हात जाईल एवढी. आम्ही माती टाकून ती बुजवली. पाणी मुरू नये म्हणून बुजवली असती तर ते शहाणपण झालं असतं. आम्ही बुजवली ती कुणाला दिसू नये म्हणून. दावे अजून लोंबकळत आहेत. बैठकीत बोलणं झालं, भेग दिसली तर म्हणतील गाव धोक्याचं, उठा. उठलो की दावा गेला. सगळ्यांनी मान हलवली, आम्हीही हलवली. आन् त्या रात्री लेकरं कुशीत घेऊन त्याच भेगेच्या खाली झोपलो.

हे आम्हाला आता पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण, आपल्या महादेव कोळ्यांचं गाव. सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं कसं? एसटी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही, त्यानं जाऊन सांगितलं म्हणून. १९ जुलै २०२३. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, आपल्या ठाकरांची वाडी. रात्री माणसं झोपेत असताना दरड आली. २७ जणांचे देह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले, मग शोध थांबवला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला आलेली माणसं पावसात, अंधारात डोंगर चढून गेली, यंत्रं खालीच राहिली, हातानं माती उपसावी लागली. आणि ही वाडी सरकारच्या दरडीच्या धोक्याच्या यादीत नव्हतीच, हे विधानसभेतच सांगितलं गेलं.

म्हंजे यादीत नाव नाही म्हणून निवांत राहावं, असं नाही. डोंगर यादी वाचत नाही.

आता कुणी म्हणेल, ही आपत्तीची भाषा म्हंजे आपल्याला उठवायचा नवा डाव आहे. आम्ही म्हणतो, तो डाव असू शकतो. धरणासाठी उठवलं, अभयारण्यासाठी उठवलं, आता दरडीचं नाव सांगून उठवतील. पण डाव आहे म्हणून दरड खोटी होत नाही. आपण गप्प बसलो तर डाव त्यांच्याच हातात राहतो. कारण मग धोका कुठं, किती आणि त्यावर उपाय काय, हे तेच ठरवणार. आपण आधी बोललो तर ठरवायला ग्रामसभा बसेल.

आन् दाव्याची भीती? कायदा उघडून बघू. वनहक्क कायदा २००६, कलम ४(५). हक्काची मान्यता आणि पडताळणी पुरी होत नाही तोवर कुणालाही कब्जातल्या वनजमिनीवरून उठवता येत नाही. चार रात्री मुलंबाळं घेऊन खालच्या शाळेत झोपलो म्हणून कब्जा सुटत नाही. तरी खात्री म्हणून ग्रामसभेनं मेमध्येच ठराव लिहावा, की पावसात जिवासाठी खाली उतरणं हे तात्पुरतं आहे, त्यानं कुणाचा दावा, घर, शेत सुटलेलं नाही. ठरावाची पोच घ्यावी. पोच नसेल तर ठराव आपल्याच वहीत राहतो.

त्याच कायद्याचं कलम ३(२) बघा. रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, समाजमंदिर अशा तेरा सोयींसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, ग्रामसभेची शिफारस असली तर. हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, एवढी अट. मग ‘जंगलाची जमीन आहे, रस्ता देता येत नाही’ असं जो सांगतो, त्याला हे कलम दाखवा. रस्ता नाही म्हणून बाळंतीण डोलीत न्यावी लागते. रस्ता नाही म्हणून इर्शाळवाडीला यंत्र चढलं नाही. आणि अनुसूचित क्षेत्रातल्या गावांसाठी २०२० साली राज्यपालांनी अधिसूचना काढली, गावाशेजारच्या वनजमिनीवर घरासाठी जागा देण्याची तरतूद केली. म्हंजे वाडी सगळीच्या सगळी पन्नास कोस लांब न्यायची गरज नाही. त्याच शिवारात, शेताच्या हाकेवर, पक्क्या जमिनीवर घरं होऊ शकतात. पण जागा आपण आपल्या डोळ्यांनी निवडायची. माळीणच्या माणसांना नवं गाव बांधून दिलं आणि २०१७ च्या पहिल्या पावसात तिथले रस्ते खचले, भेगा पडल्या. जागा निवडताना पाणी कुठून येतं ते म्हातारीला विचारत नाहीत, त्याचा हा हिशेब.

एक कडू गोष्ट आपल्यालाही सांगायची आहे. माळीणनंतर चर्चा झाली, की उतार सपाट करून खाचरं पाडली म्हणून डोंगर सुटला. काही शहाणे तर म्हणाले, आदिवासीच डोंगर फोडतात. आपली पडकई तशी नव्हती. सगळ्यांनी मिळून एकाच्या वावरात जायचं, हातानं दगड रचून बांध घालायचा, पाण्याला वाट ठेवायची, ही पडकई. यंत्र एका दिवसात उतार कापतं, सुटी माती खाली ढकलतं आणि ओहोळ बुजवतं. ते यंत्र योजनेतून येवो, नाहीतर कुणा शेठच्या फार्महाऊससाठी. डोंगर जात विचारत नाही. म्हणून वस्तीच्या वरच्या अंगाला ग्रामसभेला विचारल्याशिवाय यंत्र लागणार नाही, आपल्या माणसाचंही नाही. हे बोलायला जड आहे, पण बोललं पाहिजे.

आता यंदाचं काम. पैसे लागत नाहीत, माणसं लागतात.

वस्तीवरच्या डोंगराला दर आठवड्याला दोघांनी फेरी मारायची. एक जाणता, एक पोरगा किंवा पोरगी. बघायचं काय? जमिनीला नवी भेग, जुनी रुंदावलेली भेग, कललेली झाडं नि खांब, अचानक अडकू लागलेलं दार, नवा फुटलेला झरा, निवळ झऱ्याला आलेलं गढूळ पाणी, आणि भर पावसात ओढ्याचं एकदम कमी झालेलं पाणी. ओढा कमी झाला की बरं वाटतं, पण वर कुठंतरी मातीनं पाणी अडवलेलं असतं. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट ठोका आणि मधलं अंतर रोज मोजा.

पाऊस मोजायला तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी एकाच वेळेला शाळेतल्या पट्टीनं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं, डबा रिता करायचा. एका दिवसात साडेअकरा सेंटीमीटरच्या वर गेलं की हवामान खातं त्याला अति मुसळधार म्हणतं. आमचं म्हणणं, दोन दिवस लागून राहिला असेल तर तेवढ्याचीही वाट बघू नका, तिसरी रात्र खाली काढा.

रात्री जागायला पाळी लावा. भेग वाढली, डोंगरात आवाज आला, की थाळी बडवायची आणि थांबायचं नाही. ही थाळी दुसऱ्या कशाला वाजवायची नाही. निघायची वाट ओढ्याच्या कडेनं नको, आडवी, धारेच्या अंगानं. म्हातारी माणसं, बाळंतिणी, आजारी, यांची नावं लिहून प्रत्येकाला दोन माणसं नेमा. गुरं सोडून द्या, दाव्याला बांधून ठेवू नका. दाव्याच्या पावत्या, रेशनकार्ड, जॉबकार्ड प्लास्टिकमध्ये बांधून पाऊस लागायच्या आधीच खालच्या नातलगाकडे ठेवा. मोबाईलची रेंज कुठल्या टेकाडावर मिळते ते पोरांना ठाऊक असतं, तिथून १०७७ ला, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, फोन लावायचा.

आणि हे सगळं आपण केलं म्हणून सरकार सुटलं, असं नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर असतो, जिल्ह्याचा आराखडा करणं त्याचं काम आहे. आमचं मागणं सोपं आहे. त्या आराखड्यात आमच्या पाड्याचं पान दाखवा. पावसात उतरलो तर कुठल्या इमारतीत राहायचं, चूल कुठं, संडास कुठं, धान्य कुणाकडून, ते मेच्या ग्रामसभेत येऊन सांगा. भूवैज्ञानिक पाठवा, आमची वही त्याच्या हातात देऊ. नोटीस आणाल तेव्हा त्यात जागेचं नाव घालून आणा. नाव नसेल तर यंदा अंगठा मिळणार नाही.

आम्ही बुजवलेली भेग या आठवड्यात आम्हीच उकरणार आहोत. दोन्ही अंगांना खुंट ठोकणार आणि त्यावर तारीख घालणार. तुमच्या डोंगरालाही एखादी झाकलेली भेग असेल. ती ग्रामसभेत सांगा.

जमीन आपली आहे, ती राखायला आधी आपण जिवंत राहू.

जोहार!