सोवळ्यातले कान

‘‘तुझं म्हणजे अगदी भेळ झाली आहे बघ!’’

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका संगीतमंडळाच्या बैठकीत हे उद्गार माझ्या वाट्याला आले. मंडळाचे नाव घेण्यात अर्थ नाही. अशी मंडळे गावोगाव आहेत आणि त्यांच्या चिकाटीमुळेच गावोगाव गाणे टिकले, हेही तितकेच खरे. श्रोते म्हातारे होत चालले, सतरंजीवर बसणारे कमी आणि खुर्ची मागणारे जास्त झाले, तेव्हा ‘तरुणांना काय हवे ते एकदा विचारू या’ असे ठरले आणि माझी (वय वर्षे सव्वीस) कार्यकारिणीवर वर्णी लागली. वर्षभरातल्या चार संध्याकाळींची यादी करायची होती. मी केली: जयपूर-अत्रौलीचा ख्याल, एकल चेलोवर बाख, ढोलकीच्या फडाची लावणी आणि आंबेडकरी जलसा. ख्याल एकमुखाने मंजूर झाला. बाख ‘एक प्रयोग म्हणून’ मंजूर झाला. लावणी ‘बैठकीची असेल तर बघू’वर आली. जलशापाशी मात्र ज्येष्ठ काका थांबले, चष्मा काढून त्यांनी तो पुसला आणि अतिशय प्रेमाने म्हणाले, ‘‘अगं, ते चांगलंच असतं. मी नाही कुठं म्हणतोय? पण ते आपल्या व्यासपीठावरचं नव्हे.’’

भेळ मला झोंबली नाही. ‘आपल्या’ झोंबले.

आधी भेळेचा निकाल लावू. माझ्या कानांची दिनचर्या सांगते, म्हणजे आरोपपत्र पूर्ण होईल. सकाळी केसरबाईंची ललत. एस.टी.त बसल्यावर माइल्स डेव्हिसची १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्लू’. दुपारी काम करताना इलैयाराजा. संध्याकाळी कधी नुसरत फतेह अली खाँ, कधी विठ्ठल उमप, कधी कानठळ्या बसवणारे मेटल. रात्री बाखचे चेलो सूट. यावर आक्षेप ठरलेला असतो: ‘सगळेच आवडते म्हणजे काहीच आवडत नाही.’ हे वाक्य ऐकायला मोठे चटपटीत आहे, पण तपासून पाहिले तर त्यात काही हाती लागत नाही. मला सगळे आवडते असे मी कधीच म्हटलेले नाही. मला प्रत्येक प्रकारातले बरेचसे आवडत नाही! कंटाळवाणा ख्याल मला कंटाळवाण्या रॉकइतकाच छळतो. निवड मी करतेच. फक्त ती कुंपणापाशी उभी राहून करत नाही, आत जाऊन करते.

आणि आत गेल्यावर काय घडते? केसरबाईंचा मोकळा, भरदार आकार ज्या कानाने पुष्कळ ऐकला आहे, त्याला ध्वनिवर्धकाशिवाय मैदानभर पोचणाऱ्या शाहिराच्या खुल्या गळ्याची किंमत अधिक कळते. दमसास ही काय चीज आहे ते दोन्हीकडे सारखेच उमगते. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये स्वरसंवादांची लगबग बाजूला ठेवून वादक एकेका स्वरसप्तकात रेंगाळतात, रागाच्या आलापीची सवय असलेल्याला ते घर लगेच ओळखीचे वाटते. आमच्या मिरजेत तंतुवाद्यांचे कारागीर आहेत. २०२४ साली इथल्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या दुकानात जवारी काढण्याचे काम पाहत मी लहानपणी तासन्‌तास उभी राहिले आहे. घोडीवर कानस फिरते, तार छेडली जाते, पुन्हा कानस फिरते आणि एका क्षणी षड्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार बोलू लागतो. एका सुरात इतके सूर दडलेले असतात, हे ज्याने तिथे ऐकले, त्याला बाखच्या एकाच चेलोतून तीन आवाज ऐकू येतात याचे नवल वाटत नाही. एक ऐकणे दुसऱ्याला मारत नाही. त्याला धार लावते.

आता ‘आपल्या’कडे वळू.

हे ‘आपले’ गाणे आले कुठून? भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) तीन गुरूंकडे शिकले: फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ. म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर. आजच्या भाषेत ही भेळच! शिवाय याच बुवांनी १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या आणि रागदारी पिटातल्या प्रेक्षकापर्यंत नेली. त्याआधी १८८२च्या ‘सौभद्र’मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणीचे वळण, कानडी चाली असे जे हाताशी होते ते सगळे घेतले. ज्या नाट्यसंगीताला आज आपण अभिजात म्हणून हुंदके देतो, ते जन्मतःच संकरित आहे. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी कर्नाटक संगीतातली सरगम आपल्या गायकीत मुरवली, आणि त्यागराजांच्या कृतीची ध्वनिमुद्रिकाही दिली. कुमार गंधर्व क्षयाने अंथरुणाला खिळले असताना देवासला कानावर पडणाऱ्या माळव्याच्या लोकधुनांत त्यांना रागांची बीजे सापडली; त्यांच्या धुनउगम रागांचा उगम तिथला. ही माणसे इतरांचे ऐकत होती म्हणून मोठी झाली. आपण मात्र त्यांच्या तसबिरींना हार घालतो आणि त्यांची सवय तेवढी टाकून देतो.

यावर उत्तर येईल की ती माणसे तपस्वी होती, तू कोण? बरोबर आहे. मी कुणीच नाही. मी श्रोता आहे. पण श्रोत्याचे सोवळे गायकाच्या सोवळ्यापेक्षा कडक का असावे?

सोवळे अधिकारावर बसले की काय होते, याचा दाखला आपल्या इतिहासात आहे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण ही पेटी परदेशी आणि तिचे स्वर आपल्या श्रुतींना साजेसे नाहीत. शास्त्र म्हणून आक्षेपात तथ्य होते. पेटीवर मींड निघत नाही, हे कोण नाकारेल? पण गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जिच्यावर मैफली जिंकल्या, ते वाद्य सरकारी फर्मानाने तीन दशकांहून अधिक काळ निर्वासित झाले. ही बंदी सैल झाली ती १९७१मध्ये. दरम्यान कीर्तनकाराने, भजनी मंडळाने, कव्वालाने पेटी सोडली नाही. आणि ख्यालगायकांच्या साथीलाही ती ठाण मांडून राहिली. पुढे १९५२ साली आपलेच मराठी बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. जनतेची अभिरुची सुधारायची म्हणून चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. जनतेने काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला! ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोचली आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, केसकरांच्याच कारकिर्दीत, सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. केसकर विद्वान होते आणि त्यांच्या काळात आकाशवाणीने रागसंगीताला मोठा आधार दिला, हे ऋण मी मान्य करते. पण आधार देण्यासाठी दुसऱ्याचा आवाज बंद करावा लागतो, ही समजूत तेव्हाही चूक होती आणि आजही आहे.

आता एक गोष्ट सांगते, जी मी त्या बैठकीत सांगायला हवी होती आणि घशाशी आवंढा आल्यामुळे सांगितली नाही. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ नावाची दोन अंतराळयाने निघाली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, कधी काळी परग्रहावरच्या कुणाच्या हाती लागलीच तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. तीवर जगभरातल्या संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत. बाख आहे, बेथोवन आहे, जावाचे गमेलान आहे, जॉर्जियाचे समूहगान आहे, चक बेरीचे रॉक अँड रोल आहे. आणि भारतातर्फे एकच आवाज आहे: केसरबाई केरकर, राग भैरवी. निवड चालू असताना रॉक हे पोरकट संगीत आहे असा आक्षेप निघालाच. त्यावर निवड समितीचे प्रमुख कार्ल सेगन यांचे म्हणणे असे होते की पृथ्वीवर पोरेही पुष्कळ आहेत! याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन या टेक्ससच्या अंध गायकाचे १९२७ सालचे गाणे आहे. त्यात शब्द नाहीत. नुसता हुंकार आणि त्यामागोमाग सरकत जाणारी गिटार. आलाप म्हणजे काय ते कुणी परग्रहवासीयाने विचारले, तर मी त्याला केसरबाईंच्या शेजारी हेच ऐकवीन. केसरबाई त्याच वर्षी, १६ सप्टेंबरला, गेल्या. आज त्यांचा स्वर मानवाने बनवलेल्या सर्वांत दूरच्या वस्तूंवर प्रवास करतो आहे, आणि सोबतीला आहे ती सगळी ‘भेळ’. तिथे कुणी कुणाला बाटवल्याचे वृत्त अद्याप आलेले नाही.

आणि या केसरबाई कोण होत्या? गोव्यातल्या केरी गावच्या, कलावंतिणींच्या परंपरेतल्या. त्या घराण्यांतल्या बायकांचे गाणे ऐकायला सभ्य पुरुष जात. आपल्या घरातल्या बायकांनी मात्र ते गाऊ नये अशी काळजी घेत. तेव्हाच्या काकांनीही चष्मा पुसत ‘चांगलंच असतं, पण आपल्या व्यासपीठावरचं नव्हे’ असे म्हटले असणारच. आज त्यांचे गाणे शुद्धतेचा मानदंड झाले आहे. काल ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांच्याच स्वराचे आज कुंपण करायचे, ही कृतघ्नता नव्हे तर काय?

न्याय म्हणून माझ्या बाजूच्या खोटेपणाबद्दलही बोलते. काकांचा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. चाळीस सेकंद ऐकून पुढचे गाणे लावणे म्हणजे ऐकणे नव्हे. विलंबित ख्यालाला तासभर द्यावा लागतो. फडावरच्या सवाल-जवाबाला अख्खी रात्र. माझ्या पिढीकडे संगीत उदंड आहे आणि उसंत नाही. त्यात मोबाइलमधले यंत्र आम्हांला याद्या करून देते: झोपेसाठी संगीत, अभ्यासासाठी संगीत, पावसासाठी संगीत. त्या यादीत यमन असतो, पण तो कुणी गायला, कुठे, कुणाकडून शिकून, हे विचारण्याची सोय नसते. स्वर असतो, माणूस नसतो. अशा ऐकण्याला मी आवड म्हणणार नाही. ती उशी आहे.

पण गंमत अशी की सोवळे आणि हे यंत्र, दोघांचे इथे एकमत होते. दोघांनाही गाण्यामागचा माणूस अडचणीचा वाटतो. यंत्राला तो झोपेत व्यत्यय वाटतो. काकांना तो व्यासपीठावर व्यत्यय वाटतो. बाख मंजूर झाला, कारण बाख तीनशे वर्षे दूरचा, जर्मन आणि निरुपद्रवी. कानाला तो जलशापेक्षा किती तरी परका! मग अडचण परकेपणाची नव्हतीच. जलसा नामंजूर झाला, कारण तो गाणारी माणसे आमच्याच गावातली होती, पलीकडच्या गल्लीतली, आणि ती गाण्यातून आपल्याला प्रश्न विचारतात. त्यांच्या गाण्याला ‘प्रबोधन’ म्हणून हात जोडायचे आणि ‘संगीत’ म्हणून आत घ्यायचे नाही, असा हा व्यवहार आहे. विठ्ठल उमपांकडे पाहा. भारूड, गोंधळ, पोवाडा, कव्वाली, गझल, भीमगीत, ‘जांभूळ आख्यान’ हे सारे एका गळ्यात होते. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि गेले. इतक्या प्रकारांत लय सांभाळणाऱ्या माणसाला ज्या तराजूत ‘संगीत’ म्हणून तोलता येत नाही, तो तराजू दुरुस्तीला द्यावा.

म्हणून माझे भांडण आवडीच्या स्वातंत्र्यापुरते नाही. आवड वैयक्तिक असते असे म्हणून हा वाद मिटवता आला असता. काकांनी तसा मोठेपणा दाखवलाही. ‘तू घरी काहीही ऐक गं,’ असे ते म्हणाले. पण घरी ऐकणे आणि सतरंजी घालून, निमंत्रण देऊन, पहिल्या रांगेत बसून ऐकणे यांत फरक आहे. व्यासपीठ म्हणजे गावाने गावाला दिलेला मान असतो. कोणाचे ऐकायचे हे ठरवणे म्हणजे कोणाला माणसांत धरायचे हे ठरवणे असते.

कार्यकारिणीचा राजीनामा मी दिलेला नाही. तो दिला असता तर सगळ्यांचीच सोय झाली असती! पुढच्या यादीतही जलसा पहिल्या क्रमांकावर असेल.

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत. तिथल्या चिंचेखाली ते गायला बसत. आजही उरुसात तिथे रात्र-रात्र गाणे होते. तिकीट नसते. लहानपणी आजोबांच्या मांडीवर मी पहिला ख्याल ऐकला तो तिथेच. शेजारी बसलेल्या माणसाचे नाव, गाव, जात, धर्म कुणी विचारला नव्हता. त्याची मान समेवर हलली, आमचीही हलली, एवढीच ओळख.

‘आपले’ व्यासपीठ म्हणतात ते हेच, असे मी तेव्हा समजले होते. अजूनही तसेच समजते.