ऑटिझम ‘झालाय’ की ‘आहे’?

“डॉक्टर, याला ऑटिझम झालाय असं शाळेतनं सांगितलं. कशानं झाला असेल? आणि बरा व्हायला साधारण किती दिवस?”

विचारणारे वडील चाकणला कंपनीत कामाला. रात्रपाळी संपवून तसेच चार वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले होते. असा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. आज ऑटिझमपेक्षा या प्रश्नातल्या क्रियापदाबद्दल लिहायचं आहे.

मराठीत कावीळ ‘होते’, न्यूमोनिया ‘होतो’. जे होतं ते जातं, निदान जावं अशी आपली अपेक्षा असते. डोळे घारे ‘झाले’ असं मात्र आपण म्हणत नाही, घारे ‘असतात’. ऑटिझम या दुसऱ्या प्रकारात मोडतो. मेंदूची जडणघडणच लहानपणापासून वेगळ्या तऱ्हेची असते. गर्भातल्या वाढीचा आणि आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो. लसीमुळे किंवा आई नोकरीला जाते म्हणून तो होत नाही. मोबाईलमुळेही होत नाही, पण म्हणून मोबाईल हातात द्या असं मी म्हणत नाही.

‘झालाय’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप ‘कधी बरा होईल’ असाच येतो आणि पालक औषधाच्या शोधात निघतात. कुणी पथ्य सांगतं, कुणी मंत्र, कुणी लाखो रुपयांचे स्टेम सेलचे उपचार. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस केली जात नाही, तरी त्यासाठी शेत गहाण टाकणारे लोक मी पाहिले आहेत. वाचा आणि वर्तन यांवरचं खरं उपयोगी काम तोवर मागे पडतं. एका क्रियापदाची एवढी किंमत मोजावी लागते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. आम्ही शिकत होतो तेव्हा वॉर्डात सर्रास ‘एमआर केस’ म्हणत. तीच सवय घेऊन मी प्रॅक्टिस सुरू केली. एका मुलाच्या कागदावर मी ‘मतिमंद’ लिहिलं आणि त्याच्या देखत आईला तसं सांगितलंही. पुढच्या खेपेला तिनं तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “दुसरा लिहून द्या. हा वाचता येईल एवढं तो शिकणार आहे.” मला राग आला. शब्द शास्त्रीय आहे, असं मी तिला सुनावलंही. कागद बदलून दिला, पण घुश्शातच.

शास्त्रीय शब्दांचा इतिहास मी नंतर वाचला. ‘इडियट’, ‘इंबेसाइल’ आणि ‘मोरॉन’ या एके काळी वैद्यकातल्या रीतसर पायऱ्या होत्या. त्यांच्या शिव्या झाल्या म्हणून ‘मेंटल रिटार्डेशन’ आलं, त्याचीही शिवी झाली. आपल्याकडच्या १९९५ च्या कायद्यात तोच शब्द होता, २०१६ च्या कायद्यात त्याच्या जागी ‘बौद्धिक अक्षमता’ या अर्थाचा शब्द आला. मुंबईत १९७२ मध्ये डॉ. मिठू अलूर यांनी सुरू केलेल्या संस्थेचं नाव होतं ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’. स्पॅस्टिक म्हणजे स्नायू ताठर असणं, यात अपमानाचं काहीच नाही. पण शाळेच्या मैदानावर तो शब्द दुसऱ्याला हिणवायला वापरला जाऊ लागला. ब्रिटनमधल्या अशाच संस्थेनं १९९४ मध्ये नाव बदललं, पुढे मुंबईच्या संस्थेनंही बदलून ‘अडॅप्ट’ केलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ च्या एका निकालात चित्रपटांतल्या अशा भाषेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात ‘स्पॅस्टिक’चा उल्लेख आहे.

मग शब्द बदलून काय उपयोग, तिरस्कार नव्या शब्दालाही चिकटतोच, असं काही जण म्हणतात. थोडं खरं आहे. ‘महारोग’चा ‘कुष्ठरोग’ झाला तरी पूर्ण बरा होणारा हा आजार घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात २०१९ पर्यंत होताच. पण चिकटतो म्हणून जुना शब्दच वापरत राहायचा, हे मला पटत नाही. कपडे पुन्हा मळतात म्हणून आपण ते धुवायचं थांबवत नाही.

‘दिव्यांग’बद्दल माझं मत सगळ्यांना आवडणार नाही. पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये तो शब्द सुचवला, आता सरकारी कागदांवर तोच आहे. दाखला आणि कार्ड काढायला तो लागतो, तिथे वाद घालू नका. पण व्हीलचेअरवरच्या माणसाला जिन्यापाशी ‘दिव्य’ म्हणून काय मिळतं? त्याला रॅम्प हवा असतो. गौरवाचे शब्द आपल्याकडे जुनेच आहेत. आळंदीला येणाऱ्या वारकऱ्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ गुलाबराव महाराज ठाऊक असतात, आणि तिथे तो शब्द शोभतो, कारण त्या एका माणसाची विद्वत्ता तेवढी होती. सगळ्यांना सरसकट देवपण दिलं की साध्या गरजा मागायची त्यांना चोरी होते. त्याच आळंदीत ‘जागृती अंध मुलींची शाळा’ आहे. नावात सरळ ‘अंध’ आहे आणि त्यात मला काही कमीपणा दिसत नाही.

‘मूकबधिर’ मात्र सोडून द्यावा असा शब्द आहे, कारण तो वैद्यकीयदृष्ट्याच चुकीचा आहे. बहुतेक बधिर मुलांचा कंठ उत्तम असतो. शब्द कानावर पडत नाहीत म्हणून ती बोलायला शिकत नाहीत. शिवाय खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, ती बोलणारा मुका कसा?

आता ‘न्यूरोडायव्हर्सिटी’. मेंदू निरनिराळ्या घडणीचे असतात आणि प्रत्येक वेगळेपण हा बिघाड नसतो, असा हा विचार १९९० च्या दशकात ऑटिस्टिक लोकांच्याच आपसातल्या चर्चेतून पुढे आला. तिथूनच अनेक प्रौढ ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ऐवजी ‘मी ऑटिस्टिक आहे’ म्हणणं पसंत करतात. काहींना उलटं आवडतं. समोरच्याला विचारावं, हा सोपा मार्ग.

या शब्दाची एक पळवाटही होते. वेगळेपण म्हणजे मदत नको असा अर्थ नाही. आमच्या नव्या सोसायट्यांत ‘मी ना थोडी ओसीडी आहे’ हे कपाट नीट लावण्याबद्दल म्हटलं जातं. खऱ्या ओसीडीचा पेशंट हात धुऊन धुऊन कातडी सोलेपर्यंत थांबू शकत नाही. गावठाणात उलट, ‘भोळा आहे’, ‘देवाचं लेकरू आहे’, ‘याचा बापही उशिरा बोलला’ अशा गोड शब्दांत दोन-तीन वर्षं निघून जातात. वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळून बघत नसेल, दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून काही मागत नसेल, तर ‘भोळा’ म्हणत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एक आजी नातवाला ‘आमचं येडं’ म्हणते. मी तिला टोकत नाही, कारण तीच त्याला थेरपीला घेऊन जाते.

त्या दिवशी वडिलांना हे सगळं सांगितलं नाही, रात्रपाळीचा माणूस पेंगत होता. एवढंच म्हणालो, की त्याला ऑटिझम ‘आहे’, बरा करायचा नाही, त्याला शिकवायचं कसं ते आपण शिकायचं. आधी तज्ज्ञांकडून निदान पक्कं करू म्हणून चिठ्ठी लिहिली.

“मग शाळेत काय सांगू?” त्यांनी विचारलं.

कागदावर लिहून दिलं: मोठ्या आवाजाचा त्रास होतो, घंटेपासून लांब बसवावं. एका वेळी एकच सूचना द्यावी. उत्तराला वेळ द्यावा. वर त्याचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून कंपनीच्या आयकार्डमागे ठेवला.