हवेतील सामाईक विहीर

शाळेच्या संगणक कक्षात तीस मुले एकाच वेळी वायफायला जोडली गेली की चित्रफीत अडखळू लागते, आणि मग सर्वांचे निदान ठरलेले असते : 'पॅक लहान पडले, मोठे घ्या.' माझ्या मते पुष्कळदा हे निदान चुकीचे असते व त्यापायी शाळेचे पैसे व्यर्थ जातात. अडचण बाहेरून आलेल्या तारेत नसून राउटर आणि फोन यांच्यामधील हवेत असते. २०१६ साली आपल्याच जिल्ह्यातील हरिसाल 'डिजिटल गाव' म्हणून गाजले, तेव्हा साहजिकच चर्चा झाली ती मेळघाटात इंटरनेट पोचले याची. पोचल्यावर ते वाटावयाचे कसे, हा प्रश्न मात्र भौतिकीचा आहे, आणि तो बराचसा आपल्या हातात आहे.

वरूडच्या वाचकांना तो समजावयास अवघड नाही. संत्र्याच्या बागा असलेल्या कित्येक घरी विहीर सामाईक असते. विहीर एक, भाऊ चार. म्हणून पाण्याच्या पाळ्या लावतात. वायफायच्या चॅनेलवरही साधारणपणे एका क्षणी एकानेच बोलावयाचे असते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही संदेश बिघडतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. १९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी 'अलोहा' नावाचे बिनतारी जाळे सुरू केले. त्यात ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलावे, असा मोकळा कारभार होता. गणित केल्यावर असे दिसते, की अशा पद्धतीत फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. वायफायचे यंत्र आधी ऐकते, शांतता असल्यास आणखी थोडा यदृच्छ वेळ थांबते आणि मगच बोलते. त्यामुळे टक्कर पुष्कळ टळते, पण पाळीचा प्रश्न सुटत नाही.

एक उदाहरण सोडवू. राउटरजवळच्या फोनचा वेग सेकंदाला ५४ मेगाबिट आहे, दोन भिंतींपलीकडच्या फोनचा ६ मेगाबिट. प्रत्येकाला पाळीपाळीने एकेक सारख्या आकाराचा संदेश पाठवू दिला, तर पहिल्याला १ एकक वेळ लागेल, दुसऱ्याला ९. म्हणजे १० एककांत प्रत्येकाचा एकच संदेश गेला, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ५.४ मेगाबिट आले. (थांबण्यात जाणारा वेळ येथे सोडून दिला आहे.) मंद फोनने वेगवान फोनलाही आपल्याबरोबर खाली ओढले! आता नियम बदलून दोघांना सारखा वेळ देऊ. पहिल्याला २७ मिळतात, दुसऱ्याला ३, एकूण १०.८ ऐवजी ३०.

आपले शेतकरी हे फार पूर्वीपासून जाणतात. ते पाळी लावतात ती तासांवर. 'प्रत्येकाचे वावर भिजेपर्यंत' असे कोणी ठरवीत नाही. वायफायमध्ये हीच समान वेळेची पद्धत लिनक्स प्रणालीत २०१७ च्या सुमारास नीट बसविली गेली.

यावर कोणी विचारील, की ज्याचा फोन स्वस्त किंवा जो मागच्या बाकावर, त्याचे ५.४ चे ३ झाले, हा न्याय कसा? शंका रास्त आहे. काही ठिकाणी तर मंद फोनला जाळ्यात घेतच नाहीत. मला ते पटत नाही. त्याला हाकलण्यापेक्षा राउटर कपाटातून काढून खोलीच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. अंतर निम्मे झाले तर मोकळ्या जागेत चौपट शक्ती पोचते. आणि जे संगणक टेबलावरून हलत नाहीत, त्यांना सरळ तार जोडावी. तारेवर गेलेला प्रत्येक संगणक हवेतील एक पाळी मोकळी करतो.

राउटरची शक्ती वाढविणे हा मात्र उपाय नव्हे. राउटर मोठ्याने ओरडला तरी फोनचा क्षीण आवाज त्याच्यापर्यंत परत यावा लागतो. शिवाय तुमचा आवाज शेजाऱ्याच्या घरात जातो व त्याला थांबावे लागते. मग तोही शक्ती वाढवितो. एकाने बोअर खोल नेली म्हणून दुसऱ्याने आणखी खोल नेली, आणि वरूडचे नाव अतिशोषित भूजलाच्या यादीत गेले. हा त्यातलाच प्रकार!

चॅनेलचेही तसेच. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल दिसतात, पण ते ५-५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत आणि प्रत्येकाला सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा लागते. म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांपासून सुटे राहतात. ३ निवडणारा १ आणि ६ या दोघांनाही नीट न कळणारा गोंगाट होऊन बसतो. भारतात २०१८ च्या नियमांनी ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवान्याविना खुला झाला. जवळच्या फोनांनी तेथे जावे. सहाव्या पिढीच्या वायफायमध्ये चॅनेलचे बारीक भाग पाडून एकाच वेळी अनेकांना देता येते, जणू एका पाटाला चार दांड फोडले. पण त्यासाठी फोनही तसाच लागतो.

शिक्षकांच्या परवानगीने एक प्रयोग करून पाहा. एक मोठी फाइल राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर ठेवा, म्हणजे बाहेरच्या पॅकचा संबंधच राहणार नाही. जवळच्या फोनवर ती उतरविण्यास किती सेकंद लागतात ते मोजा. नंतर दूरच्या खोलीतील फोनवरही उतरविणे चालू ठेवून पुन्हा मोजा. वेळ दुपटीच्या आसपास राहिला तर तुमचा राउटर तासांची पाळी लावतो; पाचपट-दहापट झाला तर संदेशांची.