बाळंतिणीसाठी बेचाळीस किलोमीटर



अमेरिकेतील ख्रिस्टी टर्लिंग्टन यांना २००३ साली पहिल्या बाळंतपणानंतर फार रक्तस्राव झाला. वेळेवर उपचार मिळाले म्हणून त्या वाचल्या. २०१० मध्ये त्यांनी ‘एव्हरी मदर काउंट्स’ ही संस्था काढली. २०११ साली न्यूयॉर्कची ४२ किलोमीटरची मॅरेथॉन धावून तिच्यासाठी निधी जमवला. दवाखाना लांब असला की बाळंतीण दगावते, हेच त्यांना सांगायचे होते.

कोणी म्हणेल, पळून काय होतंय? अहो, टनामागे चार पैसे कापूनच सहकारी कारखान्यांनी शाळा-कॉलेजे उभी केली ना? थेंबे थेंबे तळे साचते. मग आपल्या फडात ऊस तोडणाऱ्या गरोदर बाईपासून दवाखाना किती लांब, तेही मोजू या. ते अंतर तोडायला टनामागे कपात झालीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.