कबुतराचा तर्क आणि उंदराची कळ

अंधश्रद्धा केवळ माणसालाच जडते, हा समज १९४८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हलविला. भुकेल्या कबुतरांपुढे, ती काय करीत आहेत हे न पाहता, ठरावीक अंतराने दाणे येतील अशी योजना त्यांनी केली. दाणे आले त्या क्षणी जी हालचाल चालू होती, तीच कबुतर पुनःपुन्हा करू लागले. ८ पैकी ६ कबुतरांना असे चाळे जडले. एक तर पिंजऱ्यात फेऱ्याच घालू लागले, प्रदक्षिणाच म्हणा! स्किनर यांनी लावलेल्या अर्थावर पुढे आक्षेप आले. तरी लागोपाठ घडणे म्हणजे कारण असणे नव्हे, हे समजावण्यास तो पिंजरा अजून उपयोगी पडतो.

२००६ साली ब्लेसडेल व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला उंदरांवरील प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. दिव्यामागून ध्वनी येतो आणि दिव्याबरोबर खाद्यही मिळते, हे उंदरांना वेगवेगळे शिकविले होते. पुढे नुसता ध्वनी ऐकला तरी ते खाद्य शोधू लागत. मात्र स्वतः कळ दाबून तोच ध्वनी निघाला, तेव्हा त्यांचा शोध बराच मंदावला. ध्वनी आपण काढला, दिव्याने नव्हे. मग खाद्य कोठून येणार? हा खरोखर विचार की साधी सवय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पाहणे आणि करून पाहणे यांतील अंतर उंदराच्या वागण्यात दिसते, एवढे खरे.

आपल्या समाजाने हे अंतर शतकानुशतके ओळखले नाही. जात आणि निरक्षरता शेजारी शेजारी दिसत, म्हणून जातीलाच कारण ठरविले गेले. हा कबुतराचा तर्क आजही शिक्षकखोल्यांतून, 'या वस्तीतली मुले गणितात कच्चीच' अशा शब्दांत, पदवीधरांच्या तोंडून ऐकू येतो. १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह काढले, ती माझ्या मते कळ दाबण्याची कृती होती. मुलांची जात तीच राहिली. निवारा, जेवण आणि अभ्यासाची सोय तेवढी बदलली.

आपल्या निवासी शाळाही त्याच वाटेवरच्या. तेथील मुले प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या घडाघडा म्हणतात आणि परीक्षेत 'लाभलेले' पेन मात्र बदलू देत नाहीत. त्यांना हसू नये. प्रयोगशाळेचे कपाट केवळ तपासणीच्या दिवशी उघडत असेल, तर पाठांतराखेरीज त्यांच्या हाती दुसरे काय येणार? त्या कपाटाची किल्ली आधी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. काचसामान फुटेल, त्याची तरतूद अंदाजपत्रकात करता येते.