दुब्रोव्निकहून मोस्तार : सकाळी जायचं, रात्री परत यायचं

क्रोएशियातल्या दुब्रोव्निकला तुम्ही तीन-चार दिवस राहणार असाल, तर तिसऱ्या दिवशी एक प्रश्न नक्की पडतो. जुन्या शहराची दोन किलोमीटरची तटबंदी चालून झालेली असते, बेटावरची बोटीची फेरीही झालेली असते. आता काय? हॉटेलचा माणूस सुचवतो, गाडी ठरवा आणि बोस्नियातल्या मोस्तारला जाऊन या, अंतर जेमतेम 140 किलोमीटर.

जरूर जा. पण गाडीवाल्याला हो म्हणण्याआधी पासपोर्ट उघडा आणि शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांचा रकाना बघा. तिथे 01 लिहिलेलं असेल तर ही सहल विसरा. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. तुम्ही सीमा ओलांडली की तुमचा एकमेव प्रवेश संपला, आणि संध्याकाळी क्रोएशियाच्या नाक्यावर तुम्हाला परत आत घेणार नाहीत. सामान हॉटेलात, परतीचं विमान दुब्रोव्निकहून, आणि तुम्ही पलीकडे! रकान्यात ‘मल्ट’ म्हणजे अनेक प्रवेश असेल तर चिंता नाही. अशा चालू व्हिसावर बोस्निया भारतीयांना वेगळ्या व्हिसाशिवाय थोड्या दिवसांसाठी येऊ देतो. तरी निघण्याच्या आठवड्यात बोस्नियाच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा, असे नियम बदलत राहतात. व्हिसाचा अर्ज अजून भरायचा असेल तर प्रवासाच्या आराखड्यात मोस्तारचा दिवस आत्ताच लिहा आणि अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा.

दुब्रोव्निकला जाऊन आलेल्या ओळखीच्यांचा सल्ला ऐकताना ते कोणत्या वर्षी गेले होते, हेही विचारा. क्रोएशिया शेंगेनमध्ये आला 1 जानेवारी 2023 ला, त्याच दिवशी तिथे युरो सुरू झाला. त्याआधीचे अनुभव आता कामाचे नाहीत.

इथल्या सीमेची गोष्ट मोठी मजेशीर आहे. नकाशात पाहाल तर क्रोएशियाच्या लांबलचक किनाऱ्यात बोस्नियाचा एक छोटासा तुकडा, साधारण वीस किलोमीटरचा, मध्येच समुद्राला टेकलेला दिसेल. त्या गावाचं नाव नेउम. 1699 च्या तहात दुब्रोव्निकच्या व्यापारी प्रजासत्ताकाने ही जमीन ऑटोमन तुर्कांकडे जाऊ दिली, कारण व्हेनिसशी थेट सीमा नको होती. बलाढ्य शेजाऱ्याला लांब ठेवायला दुसऱ्याला मध्ये बसवायचं, असा तो पक्का व्यापारी हिशेब! त्यामुळे अगदी अलीकडेपर्यंत क्रोएशियाच्या लोकांना आपल्याच देशात इकडून तिकडे जाताना दोनदा सीमेवरच्या तपासणीला थांबावं लागे. जुलै 2022 मध्ये पेल्येशाचचा पूल उघडला आणि ती कटकट संपली. तुमच्या चालकालाही पुलावरूनच न्यायला सांगा. नेउममार्गे गेलात तर सीमेवरचे सोपस्कार उगाच वाढतात. बांद्याहून पत्रादेवीला जावं इतकं सहज हे नाही.

सकाळी सातला निघा. जुलै-ऑगस्टमध्ये नाक्यावर गाड्यांची रांग लागते. भाड्याची गाडी स्वतः चालवणार असाल तर ती देशाबाहेर नेण्याची परवानगी कंपनीकडून लेखी घ्या. चालकासह गाडी महाग पडते, पण आजी-आजोबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर माझं मत तिलाच. वाटेत पोचितेल या डोंगरउतारावरच्या दगडी गावात हवं तितकं थांबता येतं, बसच्या सहलीत घड्याळाकडे बघावं लागतं. युरोपसाठी घेतलेलं सिमकार्ड बोस्नियात चालेलच असं नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या.

मोस्तारमध्ये बघायचा तो पूल. ऑटोमन वास्तुकार मिमार हायरुद्दीन यांनी 1566 मध्ये तो पूर्ण केला. नेरेत्वा नदीच्या हिरव्या पाण्यावर एकच दगडी कमान, सुमारे 29 मीटरची, मध्ये एकही खांब नाही. शहराचं नावच पूल राखणाऱ्यांवरून पडलेलं. सव्वाचारशे वर्षं उभा राहिलेला हा पूल 9 नोव्हेंबर 1993 ला बोस्नियाच्या युद्धात क्रोएट सैन्याच्या तोफगोळ्यांनी नदीत कोसळला. पुढे तिथल्याच खाणींचा दगड वापरून, जुन्या पद्धतीने तो पुन्हा बांधला आणि जुलै 2004 मध्ये खुला केला. पुढच्याच वर्षी तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. पुलाजवळ एक दगड आहे, त्यावर 93 विसरू नका एवढंच लिहिलंय. मुलं विचारतील, हे काय? घाई न करता सांगा. आसपासच्या काही इमारतींवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत, त्याही दाखवा.

पुलावरचा दगड झिजून गुळगुळीत झालाय, चपला घसरतात, बूटच घाला. कठड्यावर उभे असलेले तरुण वीसेक मीटर खाली थंडगार पाण्यात उडी मारतात, पण आधी प्रेक्षकांकडून पुरेसे पैसे जमायला हवेत.

जेवणात शाकाहारींनी एक लक्षात ठेवा : बोस्नियात ‘बुरेक’ म्हणजे खिमा भरलेलाच. तसल्याच पातळ पापुद्र्यांत बटाटा हवा असेल तर ‘क्रॉम्पिरुशा’ मागा, पालक हवा असेल तर ‘झेल्यानित्सा’. जोडीला तांब्याच्या छोट्या भांड्यातली कॉफी घ्या, ती साखरेच्या खड्यासोबत येते.

परतताना एक अट : बोस्नियासारख्या बाहेरच्या देशातून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. बाजारात घेतलेलं चीज आणि पिशवीत उरलेले पेढे नाक्याआधीच संपवा. मोस्तारमध्ये पुष्कळ दुकानदार युरो घेतात, पण सुटे अनेकदा त्यांच्या मार्कमध्ये देतात. एका युरोला जवळपास दोन मार्क. दुब्रोव्निकच्या दुकानात ते चालत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी तेवढ्याची आणखी एक कॉफी घ्या.